बर्फातून वाट काढणारा मिस्त्री
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

शोध हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा उभी राहते. पांढरा अंगरखा घातलेला शास्त्रज्ञ, काचेच्या नळ्या, भिंतीवर मोठमोठी समीकरणे. शाळेतल्या पुस्तकांनी आपल्याला तशी सवय लावली आहे. परंतु जगातले कितीतरी शोध गॅरेजमध्ये, लोहाराच्या भात्यापाशी आणि घरामागच्या पडवीत लागले आहेत. ज्यांनी ते लावले त्यांचे हात ग्रीसने काळे झालेले होते आणि त्यांच्या नावापुढे कोणतीही पदवी नव्हती. अशाच एका मिस्त्रीचे चरित्र मी येथे सांगणार आहे. त्याचे नाव जोझेफ-आर्मां बोंबार्दिए. कॅनडा देशातील क्यूबेक प्रांतात त्याचा जन्म झाला आणि बर्फावरून माणसे वाहून नेणारी पट्ट्याची गाडी त्याने तयार केली.

बर्फाचा आणि जालना जिल्ह्याचा संबंध काय, असा प्रश्न वाचक बंधुभगिनींना पडेल. तो रास्त आहे. आपल्याकडे बर्फ पाहायचा तर रसवंतीवर नाही तर गोळ्याच्या गाडीवर. पण रस्ता बंद होणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मृगाचे दोन दिवस चांगले बरसले की काळ्या रानातली पांदण बंद होते. मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल गच्च बसतो, बैलगाडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतते आणि पायातली चप्पल हातात येते. आपल्याकडे जे काम काळी माती करते, ते त्यांच्याकडे बर्फ करतो. फरक इतकाच, की आपला चिखल चार महिन्यांचा आणि उघडीप मिळाली की वाळणारा. त्यांचा बर्फ नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तसाच पडून राहतो.

या माणसाची मला गाठ कशी पडली, तेही सांगतो. माझा मोठा भाऊ जालन्यात एका गॅरेजवर काम करतो. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला, आणि माझी फी तो भरतो. दोन वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या उस्तादांनी भंगारात निघालेला एक जुना फर्ग्युसन ट्रॅक्टर विकत घेतला. इंजिन जाम झालेले, टाकीला गंज, पुढचा एक्सल वाकलेला. आपल्या जालन्याच्या पोलाद कारखान्यांत रोज भंगाराचे ट्रक उतरतात. हा ट्रॅक्टरही त्याच वाटेने भट्टीत गेला असता. या दोघांनी तो आठ महिन्यांत, कामावरून सुटल्यावर, रात्रीच्या उजेडात उभा केला. त्या काळात मी ट्रॅक्टरांविषयी जे सापडेल ते वाचू लागलो. वाचता वाचता कळले, की एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी अंटार्क्टिकावर गेले तेव्हा त्यांनी याच जातीचे साधे शेतीचे फर्ग्युसन ट्रॅक्टर नेले होते. चाकांवर पट्टे चढवून ते ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. पट्टे चढवले म्हणजे नेमके काय केले, हे शोधताना मी बोंबार्दिए यांच्यापर्यंत पोहोचलो.

बालपण आणि पहिले इंजिन

१६ एप्रिल १९०७ रोजी क्यूबेकमधील व्हॅलकूर या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील आल्फ्रेड हे शेतकरी होते. पुढे त्यांनी गावात दुकान काढले. आईचे नाव आना. आठ भावंडांत आर्मां सर्वांत मोठे. घरची भाषा फ्रेंच, धर्म कॅथॉलिक आणि राहणी अगदी साधी. लहानपणापासून या मुलाला यंत्रांचे वेड होते. मोडक्या घड्याळांची चक्रे आणि स्प्रिंगा काढून तो खेळण्यातल्या गाड्या चालवी. घरातले कोणतेही यंत्र उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

थोरल्या मुलाने धर्मगुरू व्हावे अशी आईवडिलांची इच्छा होती. आपल्याकडे मुलाने साहेब व्हावे असे वाटते, तसेच ते. चौदाव्या वर्षी त्यांना शेरब्रुक शहरातल्या धार्मिक विद्यालयात पाठवण्यात आले. अभ्यास चालू होता, पण मन यंत्रांत गुंतलेले. सुट्टीत घरी आले की वडिलांच्या मोटारीची खैर नसे. शेवटी, याने घरातल्या चांगल्या वस्तू तरी उघडू नयेत म्हणून वडिलांनी त्यांना एक जुनी फोर्ड मोटार देऊन टाकली. तिचे इंजिन आता दुरुस्त होणार नाही, अशीच वडिलांची समजूत होती. ते त्यांनी चालू केले.

पंधरा वर्षांच्या मुलाने पुढे जे केले ते ऐकून थक्क व्हायला होते. लाकडी घसरगाडीवर त्याने ते इंजिन बसवले आणि मागे विमानाला असतो तसा हाताने तासलेला लाकडी पंखा लावला. ३१ डिसेंबर १९२२ रोजी, म्हणजे नववर्षाच्या आदल्या दिवशी, ही गाडी गावातून बर्फावरून धावली. धाकटा भाऊ लिओपोल्ड पुढे बसून दिशा सांभाळत होता आणि आर्मां मागे इंजिनापाशी होते. गाडी किलोमीटरभर तरी गेली असे सांगतात. लोक घराबाहेर आले, कुत्री भुंकू लागली. पण मागचा तो उघडा फिरणारा पंखा पाहून वडिलांच्या अंगावर काटा आला. एखाद्याचा हात किंवा मान तुटली असती. त्यांनी ती गाडी ताबडतोब मोडायला लावली. आर्मां यांनी वडिलांचे ऐकले. गाडी मोडली, विचार मोडला नाही.

एकोणिसाव्या वर्षी स्वतःचे गॅरेज

सतराव्या वर्षी, १९२४ मध्ये, त्यांनी धर्मगुरू होणार नसल्याचे वडिलांना सांगितले. त्या काळी, त्या समाजात, ही लहान गोष्ट नव्हती. धर्मगुरू म्हणजे गावातला पहिला मान, आणि मिस्त्री म्हणजे तेलकट कपड्यांचा कामगार. वडिलांनी बराच विचार करून होकार दिला, हे त्यांचे मोठेपण. आर्मां आधी जवळच्या गावात एका गॅरेजवर उमेदवारी करू लागले, मग माँट्रियलला गेले. दिवसा गाड्या दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी यंत्रशास्त्र व वीज यांचे वर्ग करायचे, असा क्रम त्यांनी ठेवला. तांत्रिक पुस्तके इंग्रजीत असत, म्हणून इंग्रजीचाही अभ्यास केला. परक्या भाषेतले पुस्तक समोर ठेवून एकेक शब्द सोडवणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

१९२६ मध्ये ते व्हॅलकूरला परतले आणि वडिलांच्या मदतीने त्यांनी स्वतःचे गॅरेज उघडले. त्या वेळी त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते. हे वाक्य लिहिताना माझा हात थोडा थांबला, कारण आज माझेही वय तेवढेच आहे. वडिलांचे कर्ज त्यांनी तीन वर्षांत फेडले. मोटारी, पंप, शेतीची अवजारे, जे येईल ते ते दुरुस्त करीत. जी हत्यारे मिळत नसत ती स्वतः घडवीत. १९२९ मध्ये इव्होन लाब्रेक यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

उन्हाळ्यात कामाला तोटा नसे. हिवाळा आला की गॅरेज ओस पडे. बर्फ पडल्यावर खेड्यातले रस्ते कुणी साफ करीत नसे. लोक आपल्या मोटारी ठोकळ्यांवर चढवून कोठारात ठेवीत आणि घोड्यांच्या घसरगाड्या बाहेर काढीत. डॉक्टर, टपाल, शाळा, दुकानदार, सर्व काही घोड्याच्या चालीवर येऊन थांबे. ते रिकामे महिने बोंबार्दिए यांनी वाया जाऊ दिले नाहीत. दर हिवाळ्यात एक नवी गाडी बनवायची, ती बर्फात न्यायची, ती कुठे रुतते ते पाहायचे, परत आणायची आणि पुन्हा उघडायची. हे जवळजवळ दहा वर्षे चालले.

गाडी रुतते का?

येथे थोडे यंत्राविषयी लिहिणे आवश्यक आहे. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय कठीण वाटतो, पण शेतकऱ्याच्या मुलाला तो कठीण नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती अरुंद, आणि गाडीचे सारे ओझे तिच्या टीचभर भागावर. म्हणून चाक रुतते. याउलट ढेकळे फोडायला आपण रानात फळी फिरवतो तेव्हा तिच्यावर माणूस उभा राहिला तरी ती मातीत घुसत नाही, कारण ओझे रुंद जागेवर पसरते. चाकाखाली फळी अंथरली तर गाडी रुतणार नाही. पण फळी संपली की पुढे काय? म्हणून फळ्यांची एक माळ करायची, ती चाकांभोवती गुंडाळायची आणि गाडीने स्वतःच पुढे अंथरत, मागून उचलत जायचे. हाच पट्टा. आपल्याकडे विहिरीवर किंवा नाला खोलीकरणावर येणारे पोकलेन ज्यावर चालते, आणि ज्याला सगळे जण चेन म्हणतात, ती हीच.

ही कल्पना बोंबार्दिए यांची नव्हे. अमेरिकेत बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये मऊ जमिनीत रुतणाऱ्या वाफेच्या ट्रॅक्टरला पट्टे लावून पाहिले होते. पहिल्या महायुद्धात रणगाडे पट्ट्यांवर चालले. रशियाच्या झारच्या मोटारखान्यात काम करणारे आडोल्फ केग्रेस यांनी रबराचा पट्टा तयार केला, आणि तो लावलेल्या सित्रोएन गाड्या १९२२-२३ मध्ये सहारा ओलांडून गेल्या. १९३१ मध्ये तशाच गाड्या आपल्या श्रीनगरहून गिलगिटपर्यंत पोहोचल्या होत्या. मग बोंबार्दिए यांच्यापुढे अडचण कोणती होती?

अडचण बर्फाची होती. लोखंडी पट्टा जड, आणि त्याच्या सांध्यांत बर्फ साचून गोठतो. रबराचा पट्टा हलका, पण ओल्या बर्फात चाकावरून घसरतो. हलकेपणा हवा आणि पकडही हवी. आपल्याकडे जास्त वजनाचा ट्रॅक्टर ओल्या रानात का घालत नाहीत, आणि हलका घातला तर चाक जागच्या जागी का फिरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही कोंडी लगेच कळेल.

१९३४ चा हिवाळा

त्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉं आजारी पडला. आंत्रपुच्छाचा दाह होऊन विष पोटात पसरले होते. शस्त्रक्रिया हवी होती आणि रुग्णालय शेरब्रुकला, चाळीस-पन्नास किलोमीटरवर. रस्ते बर्फाने बंद. गॅरेजमध्ये बर्फावरची गाडी होती, पण ती सुट्या भागांत पडलेली. मूल दगावले. जो माणूस बारा वर्षे बर्फावरची गाडी बनवीत होता, त्याला स्वतःच्या मुलाला न्यायला गाडी नव्हती.

हा प्रसंग मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले. माझ्या आधी आमच्या आईला एक मुलगी झाली होती. ती मी पाहिलेली नाही. आषाढात तिला ताप भरला आणि फिट येऊ लागली. आमच्या गावापासून डांबरी सडक अडीच किलोमीटर, मध्ये ओढा आणि काळे रान. बैलगाडी ओढ्याच्या अलीकडेच फसली. मग चार जणांनी बाजेवर घालून तिला सडकेपर्यंत नेले. तिथे जीप मिळेपर्यंत उजाडले होते. आई हे कधी सांगत नाही, आजी सांगते. मी तिसरीत असताना गावाला पक्का रस्ता झाला. पहिली एस.टी. आली तेव्हा लोकांनी तिला हार घातला, नारळ फोडला. आई मात्र त्या दिवशी घराबाहेर आली नव्हती. त्याचे कारण मला या चरित्राने समजावले.

बोंबार्दिए यांच्याविषयी लिहिताना पुष्कळ जण असे दाखवतात, की मुलाच्या मृत्यूने त्यांना धक्का बसला आणि त्यातून शोध लागला. मला हे अर्धेच खरे वाटते. दुःख पुष्कळांना होते. त्या हिवाळ्यात क्यूबेकमधल्या इतर घरांतही मुले गेली असतील. आपल्या तालुक्यात किती घरांत पावसाळ्याची अशी आठवण असेल, ते प्रत्येकाने आपल्या आजीला विचारून पाहावे. दुःखाने गाडी तयार होत नाही. ती तयार झाली कारण दुःख येण्यापूर्वी बारा वर्षांचे काम त्या हातांत साठलेले होते. आणि दुःख आल्यावरही त्या माणसाने काम टाकले नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून १९३५ साल उजाडले.

बी-७ आणि बी-१२

१९३५ मध्ये कोंडी फुटली. त्यांनी कापडाचे बळ दिलेल्या रबराचे पट्टे घेतले आणि त्यांना आडव्या पोलादी पट्ट्या ठोकल्या. ते फिरवणाऱ्या दातेरी चाकावर त्यांनी रबर चढवले. चाकाचे दाते पोलादी पट्ट्यांना पकडत, म्हणून पट्टा घसरत नसे. रबरामुळे बर्फ चिकटून गोठत नसे आणि सगळे हलकेही राहिले. पुढे दिशा देण्यासाठी दोन घसरपट्ट्या. २९ जून १९३७ रोजी त्यांना या रचनेचे पेटंट मिळाले.

१९३६-३७ च्या हिवाळ्यापासून बी-७ ही गाडी विकली जाऊ लागली. बी म्हणजे बोंबार्दिए आणि सात म्हणजे सात माणसे. शरीर प्लायवुडचे, इंजिन मागच्या बाजूला. गॅरेजवरची पाटी बदलली आणि तिथे बर्फमोटारीचे नाव आले. भाऊ आणि नातेवाईक कामाला लागले. पुढे नवा कारखाना उभा राहिला आणि बारा माणसांची बी-१२ निघाली. जुन्या गाडीच्या आऱ्यांच्या चाकांत बर्फ अडकत असे, म्हणून नव्या गाडीला भरीव तबकड्यांची चाके दिली. जहाजाला असतात तशा गोल खिडक्या हे या गाडीचे खास लक्षण. १० जुलै १९४२ रोजी कंपनीची रीतसर नोंदणी झाली.

या गाड्या कुणी घेतल्या? डॉक्टरांनी, टपाल खात्याने, धर्मगुरूंनी, हॉटेलवाल्यांनी, लाकूडतोडीच्या ठेकेदारांनी. काही रुग्णवाहिका झाल्या. शाळेच्या मुलांसाठी पुढे मोठी सी-१८ निघाली. दुसऱ्या महायुद्धात कारखाना लष्कराच्या कामाला जुंपला गेला. त्या काळात साध्या माणसाला गाडी हवी असेल तर ती त्याच्या उदरनिर्वाहाला अत्यावश्यक आहे असे दाखवावे लागे. ज्या वाटेवर इव्हॉंला नेता आले नाही, तशा वाटांवरून आता इतरांची मुले रुग्णालयात जाऊ लागली होती.

रस्ता झाला आणि धंदा बुडाला

यानंतर या चरित्रात एक विलक्षण गोष्ट घडते. युद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, क्यूबेक सरकारने हिवाळ्यात ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ काढायला सुरुवात केली. लोकांची मोठी सोय झाली. साध्या मोटारी हिवाळ्यात धावू लागल्या. मग बर्फमोटार कोण घेणार? एका वर्षात विक्री कोसळली.

ज्या दुःखावर त्यांनी यंत्राने उपाय केला होता, त्यावर सरकारने रस्त्याने उपाय केला. मला वाटते, रस्ता हाच खरा उपाय होता. प्रत्येकाला बर्फमोटार परवडत नाही, पण रस्ता सर्वांचा असतो. एखादा माणूस येथे सरकारला शिव्या देत बसला असता. बोंबार्दिए यांनी दुसरा प्रश्न विचारला: जिथे रस्ता कधीच होणार नाही, तिथे माणूस कसा जाईल? त्यांनी साध्या शेतीच्या ट्रॅक्टरच्या चाकांवर चढवता येतील असे पट्टे काढले, ज्यांनी ट्रॅक्टर चिखलात आणि मऊ जमिनीत रुतत नसे. १९५३ मध्ये दलदलीत चालणारा मस्केग ट्रॅक्टर आला. उत्तर कॅनडात दलदलीच्या जमिनीला मस्केग म्हणतात. जंगलात, तेलाच्या शोधात, विजेच्या तारा ओढण्यात तो सगळीकडे गेला. हिलरी ज्या मोहिमेत होते, तिचे प्रमुख व्हिव्हियन फुक्स यांनी २४ नोव्हेंबर १९५७ ते २ मार्च १९५८ या ९९ दिवसांत अंटार्क्टिका खंड आडवे ओलांडले. त्यांच्या पट्टावाहनांच्या ताफ्यातही एक मस्केग ट्रॅक्टर होता. आपल्या भारताच्या मैत्री आणि भारती या अंटार्क्टिकावरील तळांवरही आज पट्ट्यांची वाहनेच कामाला आहेत.

आता त्यांच्या तरुणपणीच्या स्वप्नाची पाळी आली. एका-दोघा माणसांची लहान गाडी त्यांना पहिल्यापासून हवी होती, परंतु तेवढे हलके आणि भरवशाचे इंजिन त्या काळी मिळत नव्हते. ते थांबले. पन्नाशीत असताना तशी इंजिने मिळू लागली. त्यांचा मुलगा जर्मेन याने सलग, रुंद रबरी पट्टा तयार केला. १९५९ मध्ये स्की-डू ही लहान गाडी बाजारात आली. नाव स्की-डॉग ठेवायचे होते, म्हणजे बर्फावरचा कुत्रा, पण छपाईत अक्षर बदलले आणि तेच राहिले, असे सांगतात. पहिल्या हंगामात २२५ गाड्या खपल्या, आणि काही वर्षांतच उत्तर कॅनडातील माणसांचे जगणे तिने बदलून टाकले. कुत्र्यांच्या घसरगाड्या मागे पडल्या. हे सगळेच चांगले झाले असे नाही. शांत रानांत इंजिनांचा गोंगाट गेला आणि पिढ्यान्‌पिढ्यांची कुत्री पाळण्याची विद्या विरळ झाली. यंत्र काही देते तेव्हा काही घेतेही.

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५६. त्यांच्या नावावर चाळीसहून अधिक पेटंटे होती.

जुन्या गाड्यांचे काय झाले?

बी-१२ गाड्या सुमारे २८०० तयार झाल्या. त्यांतल्या कितीतरी अजून हयात आहेत. मॅनिटोबा प्रांतात विनिपेग सरोवर गोठते तेव्हा बर्फाखाली जाळी टाकणारे मच्छीमार अजूनही त्यांचा वापर करीत आले आहेत. कुणाच्या कोठारात, कुणाच्या झाडाखाली पडलेल्या गाड्या हौशी लोक शोधून विकत घेतात आणि उभ्या करतात. अशी गाडी घेणाऱ्याने आधी इंजिन पाहायचे नसते, लाकूड पाहायचे असते. प्लायवुडचे अंग आणि तळाची लाकडी चौकट ओलीने कुजलेली असते. वरून रंग असतो आणि आत भुसा. मग पट्ट्याचे रबर तडकले आहे का, पोलादी पट्ट्यांचे रिव्हेट ढिले झाले आहेत का, दातेरी चाकावरचे रबर झिजले आहे का, ते पाहायचे. इंजिनाची चिंता त्या मानाने कमी, कारण बोंबार्दिए यांनी बाजारात मिळणारी फोर्ड आणि क्रायस्लरची मोटारीची इंजिनेच वापरली. त्यांचे भाग खेड्यातल्या मिस्त्रीलाही सापडावेत, असेच ते यंत्र होते. माझ्या भावाला मी हे सांगितले तेव्हा त्याने मान डोलावली. त्यांच्या ट्रॅक्टरचे गॅस्केट छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात एका दिवसात मिळाले होते. ज्याचे सामान कुठेही मिळते तेच यंत्र म्हातारपणी वाचते, असे त्याचे मत आहे.

आपल्याकडे पट्ट्याची जुनी वाहने जपलेली पाहायची असतील तर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ मध्ये ते सुरू झाले. ती युद्धाची यंत्रे. रस्ता नसलेल्या गावाकडे डॉक्टरला नेणाऱ्या यंत्राचाही असा मान कुठे तरी होतो, हे मला विशेष वाटते. व्हॅलकूरला बोंबार्दिए यांच्या नावाचे संग्रहालय आहे, आणि १९२६ मध्ये उघडलेले त्यांचे गॅरेज तेथे जपून ठेवलेले आहे.

त्यांच्यामागे कंपनी मोठी झाली. रेल्वेचे डबे आणि विमाने बनवू लागली. दिल्ली मेट्रोचे पुष्कळ डबे गुजरातेत सावली येथील तिच्या कारखान्यात तयार झाले. मुंबईच्या लोकलपैकी ज्यांना प्रवासी बॉम्बार्डियर गाडी म्हणून ओळखतात, त्यांची विद्युत यंत्रणाही तिचीच. २०२१ मध्ये रेल्वेचा हा व्यवसाय अल्स्टॉम कंपनीकडे गेला. लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या आपल्या गावच्या माणसाला हे नाव एका खेड्यातल्या मिस्त्रीचे आहे, हे ठाऊक नसते.

आम्ही पहिल्या पिढीचे विद्यार्थी. घरच्यांनी आम्हाला शिकवले ते हात काळे होऊ नयेत म्हणून. त्यांच्या कष्टांकडे पाहता त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु पुस्तक हाती आले म्हणून पाना हाती असलेल्याला कमी लेखण्याची जी खोड आपल्याला लागते, ती मात्र सोडली पाहिजे. बोंबार्दिए यांनी दिवसा पाना धरला आणि रात्री पुस्तक. दोहोंत त्यांना भांडण दिसले नाही.

आमच्या गावात एक लोहार होते. पेरणीच्या तोंडावर त्यांच्या भात्यापाशी पाच गावांची रांग लागे. ओल्या रानात तुंबू नये म्हणून त्यांनी तिफणीचे फण वेगळ्या बाकाचे घडवले होते, असे म्हातारी माणसे सांगतात. ते वारले. त्यांची ऐरण, घण आणि सांडशा किलोच्या भावाने भंगारात गेल्या. तो बाक कसा होता हे आता गावात कुणालाही नक्की सांगता येत नाही. असे सुतार, लोहार, मिस्त्री आपल्या प्रत्येकाच्या गावात होऊन गेले असतील, काही अजून हयात असतील. आपण मराठी, इतिहास, समाजशास्त्र शिकणारी मुले आहोत. आपल्याला यंत्र करता येत नसेल, पण लिहिता तर येते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने अशा एका माणसाकडे वही घेऊन बसावे, त्याने काय केले आणि ते कसे केले ते विचारावे, आणि पुढच्या वर्षीच्या अंकासाठी लिहून आणावे, अशी माझी माझ्या वर्गबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे. मी माझ्या भावाच्या उस्तादांपासून सुरुवात करणार आहे.